ढाब्यावरचं ताट महागलं, शेतकऱ्याचा माल मात्र तिथंच! बाहेरच्या जेवणाची सवय कशी बदलतेय?

सोलापूर जिल्हा : आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावाला जायचं, बँकेचं, तहसीलचं, बियाण्याचं काम उरकायचं आणि परत फिरताना हॉटेलात बसून गरम भजी नाहीतर मिसळ खायची. पोरांसाठी पिशवीत शेव-जिलेबी बांधून घ्यायची. गावाकडं ‘बाहेरचं खाणं’ म्हणजे वर्षानुवर्षं एवढंच होतं. नंतर रस्ते चांगले झाले, घरोघरी मोटारसायकली आल्या, हायवेला ढाबे वाढले. मग महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बायको-पोरांना घेऊन ढाब्यावर जाणंही सुरू झालं. ऊसाचं बिल जमा झालं, डाळिंबाचा प्लॉट चांगला गेला, पोरगा दहावी पास झाला, की “चला आज ढाब्यावर” हे ठरलेलं.

आता ही सवय बदलायला लागली आहे. बाहेरचं खाणं कुणी सोडून दिलेलं नाही. बदलली आहे ती खाण्याची पद्धत. बसून खाणारे कमी झाले, बांधून नेणारे वाढले. चार प्लेटच्या जागी दोन आल्या. मिसळीची जागा वडापावनं घेतली. याचं कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं, “परवडत नाही.” पण नेमकं महाग काय झालं, तो पैसा कुणाच्या खिशात गेला आणि ज्या शेतकऱ्याच्या मालावर हॉटेल चालतं त्याच्या पदरात काय पडलं, हे एकदा नीट तपासून बघायला हवं.

चौघांचं जेवण म्हणजे अडीच दिवसांची मजुरी

आधी साधा हिशोब करू. नवरा, बायको आणि दोन पोरं साध्या ढाब्यावर गेली. शाकाहारीच जेवली. दोन भाज्या १८० रुपयांप्रमाणे ३६०. आठ भाकरी २० रुपयांप्रमाणे १६०. एक राईस १२०. दोन मसाला पापड ६०. पाण्याच्या दोन बाटल्या ४०. एकूण झाले ७४० रुपये. गावोगावचे दर दहा-वीस रुपयांनी मागंपुढं होतील, पण आकडा साधारण इथंच येतो. आईस्क्रीम किंवा कोल्ड्रिंक घेतलं की आठशे पार. यात पेट्रोल धरलेलं नाही. मटण थाळी घेतली तर हा हिशोब दुप्पट होतो.

आता हेच ७४० रुपये दुसऱ्या मापानं मोजा. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी १ एप्रिल २०२५ पासून दिवसाला ३१२ रुपये झाली. म्हणजे एका साध्या जेवणासाठी जवळपास अडीच दिवस राबायचं. सोयाबीन क्विंटलला ४,२०० रुपयांनी गेलं असं धरलं तर हे बिल साडेसतरा किलो सोयाबीनचं झालं. २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव मिळाला तरी चौदा किलो लागतंच. कांदा किलोला दहा रुपयांनी गेला, तर ७४ किलो, म्हणजे जवळपास दीड गोणी कांदा एका जेवणात संपला.

शहरातला नोकरदार हॉटेलचं बिल पगाराशी ताडून बघतो. गावाकडचा माणूस ते गोणीत, लिटरमध्ये आणि हजेरीत मोजतो. म्हणून तोच दर शहरापेक्षा गावाकडं जास्त टोचतो.

गावातला माणूस बाहेरच्या खाण्यावर फार खर्च करत नाही, हा समजही आता जुना झाला. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला ९.८४ टक्के खर्च चहा-पेयं, तयार खाणं आणि पुड्यातले पदार्थ या गटावर होता. म्हणजे माणशी महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास. खाण्याच्या सगळ्या गटांत हाच गट सर्वात मोठा होता. दूध, भाजीपाला, धान्य यांपेक्षाही मोठा. यात हॉटेलचं जेवण, टपरीचा चहा, कुरकुरे-बिस्किटं असं सगळं येतं. तेव्हा हॉटेलचा दर वाढला की त्याची झळ गावातल्या घरखर्चाला थेट लागते.

लोकांनी काढलेल्या वाटा

पहिली वाट म्हणजे पार्सल. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या ढाब्यासमोर उभं राहिलं की दिसतं, आत टेबलं रिकामी आणि काउंटरवर पिशव्यांची रांग. शेव भाजी, अख्खा मसूर, काजू करी, चिकन रस्सा, जे हवं ते एक-दोन प्लेट बांधून घ्यायचं. भाकरी घरी, भात घरी, कांदा-लिंबू घरचा, पाणी घरचं. वरचा हिशोब घेतला तर ७४० चे ३६० होतात. शिवाय रस्सा जरा वाढवून मागितला की घरातली म्हातारी माणसंही त्यात जेवतात.

यात भाकरीचा मुद्दा सगळ्यात मोठा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळालेली. त्याच भागातल्या माणसाला ढाब्यावर एका भाकरीला वीस रुपये मोजायला जीवावर येतं. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस. किलोभर पिठाच्या आठ भाकरी धरल्या तरी ढाब्यावर किलोमागं १६० रुपये होतात. भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी, सरपण, गॅस हे सगळं त्यात असतं हे खरं. पण ज्याच्या कणगीत ज्वारी आहे तो म्हणतो, भाकरी आपली आपण करू, नुसता रस्सा आणा.

दुसरी वाट म्हणजे शेतातली पार्टी. चार-पाच दोस्त मिळून वर्गणी काढतात. वाटेत मटण किंवा कोंबडी घेतात. वस्तीवर चूल पेटते. ढाब्यावरच्या निम्म्या पैशात पोटभर होतं. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट तर त्याआधीच पाचवरून दहा टक्के केला होता. त्याविरोधात १४ जुलैला हॉटेल-बारवाल्यांनी बंदही पाळला. परमिट रूममध्ये बसणं महाग झाल्यावर ही शेतातली बैठक आणखी वाढली. हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक गेलं आणि रात्री अंधारात मोटारसायकलवरून परतण्याचा धोका वाढला, हे वेगळंच.

तिसरी वाट म्हणजे वाटून खाणं. एका मिसळीत जादा पाव, एका चहाचे दोन कप. कॉलेजची पोरं ‘टीटीएमएम’ करतात, म्हणजे तुझं तू माझं मी. पूर्वी गटातला एकजण सगळ्यांचं बिल द्यायचा आणि पुढच्या वेळी दुसरा. आता फोन पे वर प्रत्येकजण आपले साठ-सत्तर टाकतो. पोरांना यात वावगं वाटत नाही. जुन्या माणसांना मात्र पाहुणा समोर बसलेला असताना बिलाकडं बघावं लागतं याचीच लाज वाटते. त्यामुळं काहीजण बाजारात पाहुणा दिसला की हॉटेलाची वाटच टाळतात. बाहेर खाण्याबरोबर बाहेर भेटणंही कमी होतंय, हा यातला न दिसणारा तोटा.

चौथी वाट जुनीच, डब्याची. बाजारला जाताना चटणी-भाकरी बांधून न्यायची सवय मधल्या काळात मोडली होती. ती परत येतेय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तर सोलापूरकरांची हक्काची शिदोरी. दोन दिवस टिकते आणि हॉटेलाची गरज पडू देत नाही.

हॉटेलवाला लुटतोय का?

गिऱ्हाईकाला वाटतं हॉटेलवाल्याची चांदी आहे. हॉटेलवाल्याची बाजू ऐकली की चित्र वेगळं दिसतं. त्याच्या खर्चात चार मोठी कलमं असतात : गॅस, तेल, माणसं आणि भाडं.

गॅसचं बघा. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, हॉटेलचा १९ किलोचा. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के, हॉटेलच्या गॅसवर १८ टक्के. हॉटेलच्या सिलिंडरचा दर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. त्यामुळं या महिन्यात वड्याचा खर्च काय बसेल हे मागच्या महिन्यात सांगता येत नाही. त्यात साध्या हॉटेलला जेवणावर ५ टक्के जीएसटी लावायचा असतो, पण गॅसवर, भाड्यावर, साहित्यावर भरलेला कर वजा करून घेता येत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हाच नियम आहे. म्हणजे गॅसवरचे १८ टक्के शेवटी ताटातच उतरतात.

तेलाचं गणित आणखी बोलकं आहे. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचा आयात कर वाढवला. कच्च्या तेलावर सगळे कर धरून साडेपाच टक्के होते, ते साडेसत्तावीस झाले. रिफाइंड तेलावर पावणेचौदाचे पावणेछत्तीस टक्के झाले. भजी, वडा, पुरी, रस्स्यावरची तर्री, सगळंच तेलावर चालतं. हॉटेलला लागणारा तेलाचा डबा महिन्याभरात महागला आणि पदार्थांचे दर पाच-दहा रुपयांनी वर गेले. पुढं ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचा कर कमी होऊन साडेसोळा टक्क्यांवर आला. पण मेनूकार्डवरचे दर खाली आलेले कुणी पाहिले नाहीत.

माणसांचा प्रश्न तर प्रत्येक हॉटेलवाला सांगतो. चांगला आचारी पुण्याला, मुंबईला जातो. भाकरी करणाऱ्या बायका हंगामात शेतात जास्त हजेरी मिळते म्हणून येत नाहीत. वाढपी टिकत नाहीत. पगार वाढवल्याशिवाय माणूस थांबत नाही आणि दर वाढवल्याशिवाय पगार निघत नाही.

तेव्हा सगळे हॉटेलवाले लुटतात असं म्हणणं खरं नाही. पण एक गोष्ट त्यांनाही मान्य करावी लागेल. खर्च वाढला की दर लगेच वाढतो आणि खर्च उतरला की दर तिथंच राहतो. १९ किलोचा सिलिंडर १ मे २०२२ ला दिल्लीत २,३५५ रुपयांवर गेला होता. १ सप्टेंबर २०२५ ला तोच १,५८० रुपये होता. पावणेआठशे रुपये कमी. त्या काळात वडा किंवा मिसळ कुठं स्वस्त झाली? हॉटेलवाला म्हणतो, गॅस उतरला पण पगार आणि भाडं वाढलं. ते खरंही असेल. पण गिऱ्हाईकाला दिसतं ते इतकंच की दर एकदा चढला की उतरत नाही.

मग शेतकऱ्याला काय मिळालं?

सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचा कर वाढवताना कारण दिलं गेलं ते सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. खुल्या बाजारात भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिला. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या नावानं कर वाढला, त्याला वाढीव भाव मिळाला नाही आणि बाजाराच्या दिवशी तोच शेतकरी हॉटेलात बसला तेव्हा भज्याची प्लेट मात्र महाग मिळाली. त्याला दोन्हीकडून फटका बसला.

कांद्याचंही तसंच. सोलापूर बाजार समिती राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात २ रुपये ४९ पैसे मिळाले होते. देशभर त्याची बातमी झाली. अर्ध्या टनाच्या कांद्यात बाजार समितीच्या बाहेरचा एक कप चहाही येत नव्हता. त्या महिन्यात कुठल्या हॉटेलनं कांदाभजी स्वस्त केली? उलट वर्षअखेरीस कांदा चढला, तेव्हा जेवणाबरोबर फुकट येणारी कांद्याची प्लेट बंद झाली आणि तिच्या जागी कोबी आला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. या सगळ्या उलटापालटीत कांदा कधी रडवला, कधी हसवला. कांदाभजीचा दर मात्र एकाच दिशेनं गेला.

दुधाचा हिशोब तर रोज डोळ्यांसमोर आहे. गायीच्या दुधाला लिटरला तीस-पस्तीस रुपये हातात पडतात. दर पडले तेव्हा सरकारनं जानेवारी २०२४ पासून लिटरला पाच रुपये अनुदान दिलं, पुढं ते सात केलं. टपरीवर दहा रुपयाला मिळणारा कटिंग दोन-तीन घोटांत संपतो. एक लिटर दूध डेअरीला घातलं की तीन, फार तर साडेतीन कप चहा येतो. तीच टपरी एका लिटर दुधात पाणी, साखर, पावडर घालून पंधरा-वीस कप सहज काढते.

याचा अर्थ चहावाला चोर आहे असा नाही. त्याला गॅस आहे, साखर आहे, जागेचं भाडं आहे, दिवसभराची उभ्यानं मेहनत आहे. अर्थ एवढाच की हॉटेलातल्या दरवाढीला शेतमालाचा भाव कारण नाही. ताटात पैसा वाढतोय तो गॅसचा, कराचा, भाड्याचा, मजुरीचा आणि मधल्या हातांचा. “शेतमाल महागला म्हणून हॉटेल महागलं” असं टीव्हीवर ऐकलं की गावाकडच्या माणसाला म्हणूनच हसू येतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. पुड्यातलं पनीर करमुक्त झालं. लोणी, तूप, चीज १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. हॉटेलच्या जेवणावरचा ५ टक्के आहे तसाच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक ढाब्यांवर पनीर सुटंच येतं आणि सुट्या पनीरवर आधीपासून कर नव्हता. त्यामुळं पनीर मसाल्याचा दर कमी होईल ही आशा तालुक्याच्या पातळीवर फारशी खरी ठरली नाही.

ज्यांना पर्यायच नाही

ढाब्यावर जायचं की नाही, हे ज्याला ठरवता येतं त्याला महागाईचा त्रास होतो, पण उपास घडत नाही. खरी अडचण ज्यांना बाहेर खाण्यावाचून गत्यंतर नाही त्यांची आहे.

सरकारी दवाखान्यात पेशंट ॲडमिट आहे आणि सोबत दोन माणसं आहेत. पेशंटला जेवण मिळतं, सोबतच्या माणसांनी बाहेर बघायचं. कांद्याची गाडी घेऊन रात्री बाजार समितीत आलेला शेतकरी लिलाव होईपर्यंत थांबतो, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता आलाच. माल उतरवणारे हमाल, गाड्यांवरचे ड्रायव्हर, खोली करून राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं, खेड्यातून तालुक्याला रोज ये-जा करणाऱ्या पोरी, यांना दोन वेळचं बाहेर खावंच लागतं. महिन्याच्या मेसचे दोन-तीनशे रुपये वाढले की बापाला फोन जातो, नाहीतर रात्रीचं जेवण वडापाववर भागतं. दुसऱ्या वाटेचा खर्च पुढं दवाखान्यात निघतो.

अशांसाठी शिवभोजन थाळी होती आणि आहे. २६ जानेवारी २०२० ला ती सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात दहा रुपयांत. ग्रामीण भागात एका थाळीची किंमत ३५ रुपये धरली होती, म्हणजे दहा गिऱ्हाईकाचे आणि पंचवीस सरकारचे. शहरात ती पन्नास धरली. २०२० मध्ये ठरलेला हा पस्तीसचा आकडा आणि आजचे तेल-गॅसचे भाव यांचा मेळ कसा बसायचा? त्यात अनुदान महिनोन्‌महिने थकतं, ही केंद्रचालकांची तक्रार २०२५ मध्ये राज्यभर झाली. दर अपुरा आणि पैसे उशिरा, अशा स्थितीत चालक एकतर केंद्र बंद करतो, नाहीतर वरण पातळ करतो. दोन्हीत मार बसतो तो गरिबाच्या पोटाला.

एसटीच्या प्रवाशांसाठीही सोय आहे. महामंडळाच्या अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा अशी योजना २०१६ पासून आहे. किती प्रवाशांना ती माहीत आहे? गाडी हॉटेलसमोर थांबते, दहा-पंधरा मिनिटं असतात, प्रवासी घाईत जे मिळेल ते सांगेल त्या दरानं घेतो. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, महिलांना अर्धं तिकीट मिळतं म्हणून तिथं थोडं निभावलं. पण थांब्यावर तिकिटात वाचलेलं पोह्यात जातं.

हॉटेलवालाही गावचाच

टेंभुर्णी, मोहोळ, कुर्डुवाडी, पंढरपूर, अक्कलकोट या पट्ट्यात ढाबे आणि खानावळी चालवणारे बरेचजण शेतकऱ्याचीच पोरं आहेत. शेतीत भागेना म्हणून रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं, कर्ज काढलं, भाऊ-भावजय-आई सगळे राबतात. पंढरपूरच्या वारीत आणि अक्कलकोटच्या गर्दीत बाहेरगावचं गिऱ्हाईक मिळतं. बाकीचं वर्ष चालतं ते आजूबाजूच्या गावांवर. आणि गावांच्या हातात पैसा असेल तरच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर भागात उभी पिकं पाण्यात गेली, माती वाहून गेली. ७ ऑक्टोबरला सरकारनं राज्यासाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण दसरा-दिवाळीत हातात पैसा नव्हता. या गावांत दिवाळीनंतर ढाब्यावर कोण जाणार? तिथल्या हॉटेलांचा गल्ला पडला तो दरामुळं कमी आणि गिऱ्हाईकाचा खिसा रिकामा झाल्यामुळं जास्त. शेतमालाला भाव नसेल तर तालुक्यातलं हॉटेलही चालत नाही, हे हॉटेलवाल्यांनीही ध्यानात घ्यायला हवं. कांदा एक रुपया किलोनं गेला की हॉटेलवाल्याला स्वस्त माल मिळतो, पण त्याच्या टेबलावर बसणारा माणूस संपतो.

यातून काही शहाण्यांनी मार्ग काढला आहे. मेनूकार्डवरचे ऐंशी पदार्थ कमी करून दहा-बाराच ठेवले, त्यामुळं नासाडी थांबली. अर्धी प्लेट सुरू केली. नुसत्या रश्श्याचं पार्सल वेगळ्या दरानं दिलं. भाजी, ज्वारी आसपासच्या शेतकऱ्याकडून थेट घेतली, म्हणजे मधला हात गेला. बचत गटाच्या बायकांकडून भाकरी ठोक घेतली की हॉटेललाही परवडतं आणि बायकांनाही घरबसल्या काम मिळतं. असं जिथं झालं तिथं दर फार न वाढवता गिऱ्हाईक टिकलं.

बिल देण्याआधी एवढं बघा

गिऱ्हाईकानंही डोळे उघडे ठेवायला हवेत. काही नियम साधे आहेत :

- वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या हॉटेलला जीएसटी नोंदणीची गरज नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर आहे का ते आधी बघा.
- काही हॉटेलं ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. ती कर स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांनी गिऱ्हाईकाच्या बिलात वेगळा जीएसटी लावायचा नसतो.
- सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम केलं.
- टेबलावर बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त दर लावू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. म्हणून आधी दर विचारा, नाहीतर घरून बाटली भरून न्या.
- एसटीच्या अधिकृत थांब्यावर उतरलात तर तीस रुपयांचा नाश्ता मागा. देत नसतील तर एसटीकडं तक्रार करा.
- बिलाची फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावता येतो.

शेवटी

महिन्यातून एकदा घरच्या बाईला चुलीपुढून सुट्टी मिळावी, पोरांनी आवडीचं खावं, चार माणसं एकत्र बसावीत, ही काही चैन नाही. ढाब्यावरचं जेवण पार्सलनं घरी आलं तेव्हा पैसे वाचले, पण भाकरी थापायला बाई परत चुलीपुढंच बसली. आकड्यांच्या हिशोबात ही गोष्ट येत नाही, घरात मात्र जाणवते.

हॉटेलवाल्यानं खर्च उतरल्यावर दोन रुपये खाली यावं, सरकारनं शिवभोजनाचं अनुदान वेळेवर द्यावं आणि हॉटेलच्या गॅसवरच्या १८ टक्क्यांचा फेरविचार करावा, हे तर हवंच. पण मूळ दुखणं वेगळं आहे. मिसळ ऐंशीला गेली म्हणून गावाकडचा माणूस तेवढा चिडत नाही. त्या मिसळीतला कांदा, मटकी, तेल ज्याच्या शेतातून आलं, त्यालाच ती खाताना दहादा विचार करावा लागतो, याचा त्याला राग आहे. सोयाबीन हमीभावानं गेलं, कांद्याला खर्च निघेल एवढा दर मिळाला, तर ढाब्यावरची टेबलं पुन्हा भरायला वेळ लागणार नाही.